बाबूराव पेंटर आणि त्यांची शिष्यशाखा

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या पाच भागीदारांपैकी सीताराम कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. उरलेले चौघे, म्हणजे विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर, हे एकाच घरातून बाहेर पडलेले होते. ते घर म्हणजे महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि त्या घराचे कर्ते पुरुष बाबूराव पेंटर. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ही तारीख प्रभातच्या उदयाची म्हणून नोंदली जाते आणि ते यथायोग्यच आहे. परंतु त्याच सुमारास एका गुरूची शाळा रिकामी झाली, ही गोष्ट त्या उदयाच्या झगमगाटात झाकली गेली. शिष्यांच्या कीर्तीचा प्रकाश इतका प्रखर पडला की ज्याने दिवा लावला त्याचा चेहराच दिसेनासा झाला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. सुतारकाम, कोरीवकाम, धातूकाम ही विद्या या घरात पुस्तकावाचून चालत आली होती. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. चित्रकलेच्या कोणत्याही सरकारी शाळेचा शिक्का त्यांच्या नावापुढे नव्हता. त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे त्यांचे सहाध्यायी, सहकारी आणि काही अंशी गुरूही. १९१० पासून पुढची पाचसहा वर्षे या दोघा भावांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी रंगभूमीसाठी पडदे रंगवले. राजवाडा, अरण्य, रस्ता, दिवाणखाना असे हे पडदे. त्यांतील खोलीचा आभास असा बेमालूम असे की त्या कामाने मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हे नाव कायमचे चिकटले.

पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. सपाट कापडावर खोली निर्माण करायची तर ती रेषेने होते त्याहून अधिक छायाप्रकाशाने होते. हेच ज्ञान पुढे बाबूरावांच्या कॅमेऱ्यात उतरले. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकाशात आला आणि तो पाहून या दोघा भावांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. पडद्यावरची चित्रे हलू लागली तर काय होईल, हा प्रश्न पडदे रंगवणाऱ्या दोन तरुणांना पडावा यात नवल नाही. नवल आहे ते त्यांनी शोधलेल्या उत्तरात. फाळके विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या या भावांकडे विलायतेला जाण्याचे साधन नव्हते, म्हणून त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला.

हे काम किती अवघड होते याची कल्पना आज सहजासहजी येणार नाही. चलच्चित्राचा कॅमेरा म्हणजे केवळ भिंग बसवलेली पेटी नव्हे. फिल्मची फीत भिंगामागून सरकत असली तरी प्रत्येक चित्र टिपताना तिला क्षणभर पूर्ण स्थिर राहावे लागते. ते चित्र टिपले की भिंगावर झडप यावी, त्या अंधारात फीत नेमकी चार छिद्रांइतकी खाली ओढली जावी, पुन्हा थांबावी आणि झडप उघडावी. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला सोळा वेळा किंवा त्याहून थोडे अधिक व्हावे लागे आणि तेही हाताने फिरवलेल्या मुठीच्या जोरावर. ओढ केसभर कमीअधिक झाली तर पडद्यावर चित्र थरथरते. झडप क्षणभर चुकली तर सारेच चित्र पुसट होते. दंतचक्रे कातणे, त्यांचे दात मोजून घासणे, फीत ओढणारी नखे घडवणे ही सारी कामे कोल्हापुरातच चालली. हा खटाटोप चालू असतानाच, १९१६ साली आनंदराव वारले. दुसऱ्या कोणी हे काम तिथेच सोडले असते. बाबूरावांनी दामले यांना हाताशी धरून ते पुढे नेले आणि १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. स्वदेशीचा घोष त्या काळी सर्वत्र चालू होता. पण स्वदेशीचा इतका सूक्ष्म आणि इतका नि:शब्द आविष्कार क्वचितच झाला असेल.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल आले ते कोणा शेठसावकाराकडून नव्हे, तर तानीबाई कागलकर या गायिकेकडून. एका कलावंतिणीने आपली पुंजी एका कलावंताच्या हाती सोपवावी, ही घटना महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात ठळक अक्षरांत लिहिली जायला हवी होती. ती लिहिली गेली नाही. शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात कलेला दरबारचा आश्रय होता आणि त्याचा लाभ या कंपनीलाही झाला.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. त्यातील स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या होत्या. फाळक्यांना आपल्या पहिल्या चित्रपटातील तारामतीसाठी पुरुष नट घ्यावा लागला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल समजते. कोल्हापूरच्या त्या अभिनेत्रींना समाजाचा रोष सोसावा लागला आणि कंपनीच त्यांचा आसरा ठरली. कीचकवधाचा प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब चित्रित केला की पाहणाऱ्यांच्या अंगावर शहारे आले. पुढे तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर सहाच महिन्यांत टिळक निवर्तले.

‘सैरंध्री’पासून पुढच्या दहा वर्षांत या कंपनीत जे घडले त्याला चित्रपटाचे शिक्षण असेच म्हणावे लागेल, मग तिथे फळा-खडू नसो, प्रमाणपत्र नसो. देशात चित्रपटविद्या शिकवणारी संस्था नव्हती, मराठीत त्या विषयाचे पाठ्यपुस्तक नव्हते. जो कोणी कंपनीच्या दारात येई त्याला पहिल्या दिवसापासून कामाला जुंपले जाई आणि ते काम कोणते, याची निवड त्याची नसे. देखाव्याची चौकट उचलावी, उन्हाचा प्रकाश पात्रांवर परतवणारे तक्ते धरून उभे राहावे, रंग कालवावेत, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवावी, ती वाळवावी, तुकडे जोडावेत आणि वेळ आली की तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभे राहावे. १९२० मध्ये आपले मावसबंधू बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीने आलेला शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण याच रीतीने घडला. पडेल ते काम करता करता तो ‘सुरेखा हरण’मध्ये श्रीकृष्ण झाला. दामले मुळात चित्रकार. ते रसायनांत आणि यंत्रांत पारंगत झाले आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची नवी विद्याही त्यांनीच आत्मसात केली. फत्तेलाल, म्हणजे सर्वांचे साहेबमामा, हे नेपथ्याचे आधारस्तंभ ठरले. धायबर कॅमेऱ्यामागे तयार झाले. पुढे प्रभातमध्ये एकेका खात्याचा धनी झालेला प्रत्येक माणूस आधी सर्व खात्यांतून गेलेला होता. प्रभातच्या चित्रपटांत कथा, नेपथ्य, छायाचित्रण आणि अभिनय यांचा जो मेळ दिसतो, त्याचे मूळ शोधायचे तर या शिक्षणक्रमाकडे पाहावे लागते.

शिक्षक म्हणून बाबूरावांनी जे दिले त्यात सर्वांत मोठी देणगी दृष्टीची होती. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक पडे. भरजरी शालू डोळ्यांना कितीही सुंदर दिसला तरी पडद्यावर त्याचे काय होणार, हे ज्याला आधी दिसते तोच त्या फिल्मवर राज्य करू शकतो. रंगांतून करड्या छटा वाचण्याची ही विद्या चित्रकाराच्या हाताला ठाऊक असते. बाबूराव प्रसंगांची रेखाटने आधी कागदावर करीत आणि मग ती कॅमेऱ्यासमोर उभी करीत. ज्यांनी उमेदीची वर्षे पडदे रंगवण्यात घालवली होती, त्यांनीच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला आणि त्याच्या जागी ज्यातून पात्रे खरोखर येजा करतील असे भरीव देखावे उभारले. स्वतःच्या पूर्वीच्या यशाकडे अशी पाठ फिरवणे फार थोड्या कलावंतांना साधते.

१९२३ साली आलेल्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. तानाजीचा पराक्रम रात्रीचा. आणि तोपर्यंत आपल्याकडचे चित्रीकरण उन्हावर अवलंबून असलेले. बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला आणि अंधाराला पडद्यावर जागा मिळवून दिली. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली. चित्रपटाला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, कर मात्र त्याच सुमारास आला आणि राहिला. प्रेक्षकांच्या हाती चित्रपटाची माहितीपुस्तिका देणे, भिंतींवर स्वतः रंगवलेली आकर्षक भित्तिचित्रे लावणे हेही बाबूरावांनीच आपल्याकडे रुजवले. व्यवहार त्यांना मुळीच कळत नव्हता, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. प्रेक्षकांना कसे बोलवावे हे त्यांना चांगले कळत होते. आलेल्या पैशाच्या तालावर कामाचा वेग ठरवणे मात्र त्यांना कधी जमले नाही.

१९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. येथे थोडे थांबले पाहिजे. देवदेवता आणि राजेरजवाडे यांनी पडदा भरून टाकला असताना बाबूरावांनी एका कर्जबाजारी कुणब्याची कथा निवडली. ती नारायण हरि आपटे यांची. (‘सिंहगड’चे हरि नारायण आणि हे नारायण हरि यांच्या नावांत विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो, दोघे वेगळे.) विषय मराठी मुलखाला परका नव्हता. १८७५ साली सुपे येथून उसळलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खातेवह्या जाळल्या होत्या, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला होता; तरी अर्ध्या शतकानंतरही पाश सुटला नव्हता. चित्रपटातला शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात गिरणीकामगार होतो. ती भूमिका शांतारामांनी केली. काळोखातली एक झोपडी आणि बाहेर भेसूर रडणारे कुत्रे, एवढ्याच सामग्रीतून उभे केलेले दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात कित्येक वर्षे राहिले. मूकपटात कुत्र्याचे रडणे ऐकू येत नाही, ते ऐकू आल्याचा भास व्हावा लागतो. तो भास प्रकाशानेच निर्माण केला होता.

प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली. पुराणांतल्या चमत्कारांना सरावलेल्या डोळ्यांना आपल्याच गावचे दारिद्र्य पैसे देऊन पाहण्याची हौस नव्हती. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मधला शेतकरी जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला गेला तो १९५३ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. बाबूराव पुन्हा ऐतिहासिक आणि पौराणिक कथांकडे वळले. ‘सावकारी पाश’मधले बीज मात्र वाया गेले नाही. १९३७ साली शांतारामांनी ‘कुंकू’ काढला तो याच नारायण हरि आपटे यांच्या कादंबरीवर. आणि दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये देहूचा संसार ज्या साधेपणाने दिसतो, त्याचे नाते पौराणिक थाटामाटाशी नाही, ते कुणब्याच्या त्या झोपडीशी आहे.

मग शिष्य गेले का? या प्रश्नाचे उत्तर आजवर बहुधा भावनेच्या भरात दिले गेले आहे. एक पक्ष कृतघ्नतेची भाषा बोलतो, दुसरा गुरूच्या लहरीपणाकडे बोट दाखवतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. बाबूराव आपल्या शिष्यांना वाढू देत नव्हते हा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही. १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन शांतारामांकडे आणि १९२८ मध्ये ‘महारथी कर्ण’चे दामले-फत्तेलाल यांच्याकडे त्यांनीच सोपवले होते. परंतु कंपनीचा श्वास बाबूरावांच्या हातावर चालत होता. मनासारखा प्रकाश मिळेपर्यंत ते थांबत; मनासारखी चौकट जमेपर्यंत मोडून पुन्हा बांधीत. चित्रकाराला हे शोभून दिसते, कारण त्याच्या थांबण्याचा खर्च त्याचा एकट्याचा असतो. चित्रपटात पन्नास माणसे त्याच्याबरोबर थांबतात, व्याज चढते आणि चित्रपटगृहे वाट पाहतात. कोणाचे बंधन न मानता काम करण्याचे स्वातंत्र्य बाबूरावांनी जपले, पण त्याचा भार त्यांच्याबरोबर थांबणाऱ्या प्रत्येकाला थोडाथोडा वाहावा लागत होता. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या शांतारामांसारख्या कर्तबगार माणसाने तो आणखी किती वर्षे वाहावा? शिष्यांना सारे काही शिकवून झाले होते आणि शिकलेला माणूस स्वतःचे घर मांडतो. त्यात द्रोह नाही. दुःख आहे, आणि ते फक्त एका बाजूच्या वाट्याला आले.

१९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटांचे युग आणले. बाबूरावांना त्याचा आनंद झाला नाही. पडद्यावरची पात्रे बोलू लागली की दिग्दर्शक डोळ्यांनी विचार करणे सोडून देईल आणि इतक्या वर्षांच्या साधनेने घडलेली चित्रभाषा संवादांखाली गाडली जाईल, अशी त्यांची धारणा होती. पहिल्या पिढीतले अनेक बोलपट गाण्यांच्या आणि भाषणांच्या माळा होऊन बसले, हे पाहता त्यांची भीती निराधार नव्हती. पण काळ थांबला नाही आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दरवाजे लवकरच बंद झाले. पुढे शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘उषा’ केला आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी बोलका, काढला. अयशस्वी ठरलेल्या चित्रपटाकडे अकरा वर्षांनी परत जाणारा दिग्दर्शक विरळाच. यशस्वी ठरलेल्या ‘सैरंध्री’कडे ते गेले नाहीत, ही निवडच त्यांच्याविषयी बरेच काही सांगून जाते. १९३७ मध्ये ‘प्रतिभा’ आला. मधल्या काळात ते आपल्या मूळच्या व्यवसायाकडे वळले आणि चित्रे व शिल्पे करीत राहिले.

गुरुशिष्यांची पुन्हा गाठ पडली ती १९४७ साली. शांतारामांनी राजकमल कलामंदिरातर्फे ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला आणि दिग्दर्शक म्हणून बाबूरावांचे नाव लागले. ग. दि. माडगूळकर यांचे लेखन, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट अफाट चालला आणि मराठी पडद्यावर लावणी-तमाशाची जी लाट पुढे दोन दशके राहिली तिची सुरुवात येथून झाली. एकेकाळी ज्याने तक्ता धरून प्रकाश परतवला, त्याच्याच कलागृहात गुरूने काम केले. यात कमीपणा मानणारे मानोत. बाबूरावांनी तो मानला नाही.

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. कलामहर्षी हे बिरुद त्यांच्या नावामागे आज सर्रास लागते. पण त्या महर्षींचे काम पाहायचे कोठे, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर देताना मान खाली घालावी लागते. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले मोजकेच उरले. जुनी नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई, दमट हवेत आपोआप कुजे आणि तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी विकलीही जाई. १९२५ चा ‘सावकारी पाश’ नाहीसा झाला आहे. ‘मुरलीवाला’सारख्या एखाददुसऱ्या चित्रपटाचे अंश तेवढे मागे राहिले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, बाबूराव जाऊन दहा वर्षे लोटल्यावर. त्या दहा वर्षांत आणि त्याआधीच्या वीस वर्षांत कोल्हापुरातल्या आणि मुंबईतल्या किती पेट्या कुजल्या, याचा हिशेब आता कोणी देऊ शकणार नाही.

शाळेचे मात्र तसे झाले नाही. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. तिचे कलागृह तिच्या अस्तानंतर ओस पडले नाही; १९६० साली सरकारने त्याच जागेत चित्रपटविद्येची संस्था काढली. कॅमेऱ्याच्या झडपेचे गणित, छायाप्रकाशाचा तोल, देखाव्याची बांधणी हे विषय तेथे रीतसर अभ्यासक्रमाने शिकवले जाऊ लागले, देशभरातून विद्यार्थी येऊ लागले. दामले, फत्तेलाल आणि शांताराम ज्या फरशीवर वावरले तिच्यावरून ही मुले रोज ये-जा करीत आली आहेत. आणि कोल्हापुरात, खरी कॉर्नरला, जेथून हे सारे सुरू झाले तेथे दगडी कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. वर्षातून एकदा, १ डिसेंबरला, शहरातले चित्रपटप्रेमी त्याला हार घालतात.